जांभ्याच्या अंगणात डिटेक्टर उगाच ओरडतो, खणलं की काहीच नाही

ज्यांनी ज्यांनी कोकणात घराच्या अंगणात मेटल डिटेक्टर फिरवलाय त्यांना हा त्रास झालेलाच असणार. मशीन टुंई करून ओरडतं, आपण उकिडवे बसून खणतो, खड्डा चांगला कोपरभर होतो, आणि आत लाल माती सोडून काहीही नाही. खड्डा बुजवला की परत त्याच जागी टुंई. मी तीन वर्षं एकाच जागेवर हे केलंय, रत्नागिरी जिल्ह्यात मालगुंडच्या बाजूला मामाच्या घरी, दर दिवाळीत, आणि तिसऱ्या वर्षी कारण कळलं तेव्हा मामी पदर तोंडाला लावून हसली होती. तर कोणाचा एक तरी खड्डा वाचावा म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी सांगतो की मशीन बहुतेक वेळा बिघडलेलं नसतं. मीपण पहिल्या वर्षी तेच समजलो होतो, विकणाऱ्याला फोन करून भांडलोसुद्धा, बिचाऱ्याने शांतपणे विचारलं की मशीन हवेत धरून बघितलं का. नव्हतं बघितलं. म्हणून सुरुवात तिथूनच करा. घड्याळ, अंगठी, खिशातल्या चाव्या, मोबाईल सगळं लांब ठेवा, मशीन चालू करा आणि कॉइल (दांड्याच्या टोकाची गोल ताटली) छातीच्या उंचीला आडवी धरून अजिबात न हलवता उभे राहा. तरीपण टरटर येत असेल तर मातीचा काही संबंध नाही, ती वीज आहे. घरातला इन्व्हर्टर, स्वस्तातले एलईडी, विहिरीवरचा पंप, डोक्यावरून गेलेली तार, काहीही असू शकतं. मामाकडे मेन स्विच पाडला आणि निम्मी टरटर गेली, उरलेली रस्त्यावरच्या तारेची होती, ती फ्रिक्वेन्सी एक घर इकडेतिकडे केल्यावर आणि सेन्सिटिव्हिटी (मशीन किती बारीक आवाज टिपेल ते) उतरवल्यावर गेली. नवीन मशीनवर नॉइज कॅन्सलचं बटण असतं ते हेच काम करतं. (मेन पाडायच्या आधी आत विचारा. मी न विचारता पाडला तेव्हा मामीचा मिक्सर चालू होता आणि त्यात ओल्या खोबऱ्याचं वाटप होतं.)

हवेत मशीन गप्प आहे पण कॉइल हलवली की ओरडतं असं असेल तर वायर बघा. कॉइलची वायर दांड्याला सैल गुंडाळलेली असली की हलताना तीच सिग्नल देते, घट्ट गुंडाळून पट्टा लावायचा, संपलं. दुसरं म्हणजे कॉइलचं खालचं प्लास्टिकचं कव्हर. हे कोणी सांगत नाही. पावसाळ्यानंतरची आपली लाल माती त्या कव्हरच्या आत जाऊन बसते, सुकते, आणि मग तुम्ही जिथे जाल तिथे ती माती कॉइलला चिकटूनच तुमच्यासोबत फिरते. मी कव्हर पहिल्यांदा काढलं तेव्हा आत पोळीएवढा जाड लाल थर होता. धुऊन पुसून परत बसवलं आणि मशीन जरा माणसात आलं.

आणि कोयता! दुसऱ्या वर्षी माडांच्या आगरात काम करणारे एक काका हौसेने मदतीला आले, मी फिरवतोय, ते खणतायत, आणि गंमत म्हणजे ते जवळ आले की सिग्नल, लांब गेले की शांत. अर्धा तास आम्ही त्यांच्या पायाखालची जमीन उकरली. शेवटी बघतो तर कमरेच्या आकडीला कोयता लटकलेला. त्यांना काढून ठेवा म्हटलं तर म्हणाले, "अरे तो आहे होय, मला वाटलं जमिनीतला शोधतंय." लोखंडी पहार पण अशीच, बाजूला टेकवून ठेवलेली असते आणि आपण तिच्याच सिग्नलवर खणत असतो.

आता मुख्य गोष्ट, माती. आपल्याकडे खाली काळा पाषाण (बेसॉल्ट) आणि वर जांभा. काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोखंडाचं खनिज असतं, लाखो वर्षांच्या पावसाने त्यातलं बाकीचं बरंच धुपून गेलं आणि लोखंड आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरली, तोच जांभा. म्हणजे तुम्ही ज्या जमिनीत नाणं शोधताय ती जमीन स्वतःच अर्धीमुर्धी लोखंडाची आहे. आपली साधी मशीनं कॉइलमधून एक बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडतात आणि परत काय येतं ते ऐकतात. नाण्यात त्या क्षेत्रामुळे करंट फिरतो, तो परत ऐकू येतो. पण जांभ्यातले ते चुंबकीय कणसुद्धा परत बोलतात, आणि ते तर कोट्यवधी आहेत, नाणं बिचारं एक. सतत चाललेली ही बडबड वजा करायची म्हणजे ग्राउंड बॅलन्स.

इथे बहुतेक लोक चुकतात, मीपण. ग्राउंड बॅलन्स कुठे केला? ओटीसमोर, जिथे उभं राहायला बरं पडतं तिथे. आणि शोधायला गेलो परसात. आता कोकणातलं अंगण म्हणजे एक माती नसते हो. पुढच्या अंगणात चिरेखाणीतली भर आणून टाकलेली असते, माडाच्या आळ्यात वेगळीच माती, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेला पालापाचोळा कुजून झालेली काळी, आणि घर समुद्राला जवळ असेल तर एखादा तुकडा सरळ पुळणीचा, म्हणजे वाळूचा. पाच पावलांवर माती बदलते आणि मशीन मात्र ओटीसमोरचाच हिशोब धरून बसलेलं असतं. म्हणून बॅलन्स जिथे शोधायचंय तिथेच करायचा. आधी धातू नाही अशी हातभर जागा शोधा, बटण दाबून धरा आणि कॉइल जमिनीपासून दोन बोटांवरून गुडघ्याच्या जरा खालपर्यंत वर खाली वर खाली हलवा, जोपर्यंत आवाज सपाट होत नाही तोपर्यंत. मातीचा रंग बदलला, ओल बदलली, उतार चढलात, की परत. कंटाळा येतो पण खणण्यापेक्षा बरा.

सेन्सिटिव्हिटीबद्दल एक उलटं वाटणारं सत्य सांगतो. सगळ्यांना वाटतं फुल्ल ठेवली की खोलवर दिसेल. जांभ्यात फुल्ल ठेवली की मशीनला फक्त जांभाच दिसतो, डोळ्यावर टॉर्च मारल्यासारखं होतं. मी निम्म्यापेक्षा थोडी वर ठेवतो आणि नाणी त्यानंतरच मिळायला लागली. वाळूत जे मशीन वीत दीड वीत खाली नाणं सांगतं ते जांभ्यात चार बोटांवर आलं तरी खूश व्हा. कॉइल डबल डी (आत D आकाराच्या दोन गुंडाळ्या असलेली) असेल तर उत्तम, ती जमिनीचा पट्टा अरुंद बघते त्यामुळे बडबड कमी, आणि लहान कॉइल असेल तर अजून बरं कारण अंगणात कचरा भरपूर असतो. काही जण पल्स वाली (सलग नाही, झटक्याझटक्याने क्षेत्र सोडणारी) मशीन घ्या म्हणतात, ती जांभ्यात खरंच शांत चालते पण खिळा आणि नाणं यात धड फरक करत नाही, आणि आपल्या अंगणात खिळे किती ते पुढे सांगतोच.

बॅलन्स नीट केला तरी ठरावीक जागी आवाज येतोच. अशा तीन जागा मामाकडे होत्या.

पहिली माडाच्या बुंध्याशी. आवाज रुंद, बोथट, कडा नसलेला, कुठे सुरू होतो कुठे संपतो कळत नाही. खरं नाणं असं वागत नाही, ते एका मुठीएवढ्या जागेत टक्क वाजतं आणि कॉइल चार बोटं सरकवली की बंद. मामा बघत होता, म्हणाला "भाच्या, तिथे मीठ आहे, गेल्या महिन्यात घातलं." माडाच्या आळ्यात खडेमीठ घालायची पद्धत आहे ना आपल्याकडे, वर राख, वर मासळीची घाण, आणि त्यावर ऑक्टोबरचा शेवटचा पाऊस. ओलं मीठ वीज वाहून नेतं, मशीनला ते धातूसारखंच वाटतं. समुद्राच्या ओल्या वाळूवर मशीन वेड्यासारखं करतं तेच कारण. उपाय असा की आळ्यात उभं राहून तिथेच बॅलन्स करा, जमलं तर ठीक, नाहीतर ते आळं सोडून द्या आणि मार्चमध्ये सुकल्यावर या. मशीनमध्ये बीच मोड किंवा मल्टी फ्रिक्वेन्सी असेल तर ती लावून बघा, फरक पडतो. ज्यांचं घर पुळणीवर आहे त्यांना दुहेरी त्रास, कारण रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटवाली काळी रेती आहे, मीठ एका बाजूने ओढतं आणि काळी रेती दुसऱ्या बाजूने, दोन्ही एकदम सांभाळणं साध्या मशीनला जमतच नाही.

दुसरी जागा घराच्या पागोळ्यांखाली. इथे सिग्नल खरे होते पण नाणी नव्हती. कौलं बदलताना रिपांचे खिळे पडतात, पत्र्याचे हुक, वॉशर, तारेचे तुकडे, पन्नास वर्षांत चार वेळा छप्पर उतरवलं असेल तर विचार करा. गंजका खिळा फार लबाड, एका बाजूने कॉइल नेली तर चांदीच्या रुपयासारखा चढा आवाज देतो. म्हणून आवाज आला की जागच्या जागी काटकोनात वळा आणि परत फिरवा. नाणं चारही बाजूंनी तेच बोलतं. खिळा एका बाजूने गोड आणि दुसऱ्या बाजूने घोगरा. पत्र्याचा मोठा तुकडा असेल तर तोही चढा आवाज देतो, पण कॉइल गुडघ्याएवढी वर उचलली तरी आवाज जात नाही, तेव्हा ओळखायचं.

पागोळ्यांखालीच अजून एक प्रकार, कौलांचे तुकडे. धातू नाहीत तरी वाजतात! कारण कौल म्हणजे लोखंडवाली माती भट्टीत भाजलेली. माती पालापाचोळ्यासोबत किंवा लाकडाच्या आगीत भाजली की तिच्यातलं साधं लोखंडाचं ऑक्साइड बदलून मॅग्हेमाइट होतं, आणि हे मॅग्हेमाइट चुंबकाला जोरात ओढ घेतं. जाता जाता, कौलांचा तारखेसाठी उपयोग होतो, मंगलोरला पहिला कौलांचा कारखाना 1860 च्या दशकात निघाला, त्यामुळे मंगलोरी कौलाच्या तुकड्यांखालचा थर बघायला मला जास्त आवडतं, वरच्या थरात बहुतेक अॅल्युमिनियमचे पाच पैसे आणि तीन पैसेच मिळतात, आणि ते आता कोणी फुकट पण घेत नाही.

ही भाजलेल्या मातीची गोष्ट मला तेव्हा फक्त कौलापुरती माहीत होती. तिसऱ्या जागेशी तिचा संबंध आहे हे डोक्यातच आलं नाही.

तिसरी जागा परसात, न्हाणीच्या मागे, विहिरीकडे जाणाऱ्या पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) डाव्या हाताला. पहिल्या वर्षी तिथे कोपरभर खणलं. दुसऱ्या वर्षी मांडीभर. आवाज रुंद नाही, बऱ्यापैकी आटोपशीर, साधारण परातीएवढ्या जागेत, आणि खणत जाईन तसा जोर वाढायचा म्हणून आशा सुटायची नाही. वाडीतल्या एकाने तर हळूच कानात सांगितलं की गुप्तधन आहे, ते खाली सरकतं, अमुक एकाला बोलावू या, विधी करू या. त्याला मी हात जोडले. असल्या विधींसाठी 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे महाराष्ट्रात आणि गुप्तधनाच्या नावाने काय काय झालंय ते सगळ्यांनी वाचलंय. अंगणात मशीन फिरवताना ही कुजबुज होतेच, तेव्हाच हसून तोडून टाका, आणि चारचौघांसमोर दिवसाउजेडी खणा, रात्री बॅटरी घेऊन अजिबात नको.

तिसऱ्या वर्षी मी शहाणा होऊन आलो होतो. प्लास्टिकचं घमेलं आणलं (आधी लोखंडी घमेल्यात माती टाकून तपासत होतो, आणि ती दर वेळी वाजत होती, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं). खड्ड्यातली माती काढून घमेल्यात टाकायची, घमेलं लांब नेऊन जमिनीवर ठेवायचं आणि वर कॉइल फिरवायची. नाणं मातीत असेल तर एका कोपऱ्यात टक्क वाजेल, माती अर्धी अर्धी करत गेलं की दोन मिनिटांत हातात येतं. माझी माती सगळीकडे सारखी वाजत होती. अर्धी केली, दोन्ही अर्ध्या वाजल्या. परत अर्धी केली, चारही वाजल्या. म्हणजे वस्तू नाही, मातीच वाजतेय. मग जुन्या स्पीकरमधला चुंबक आणला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि मूठभर सुकी माती ताटात पसरून वरून फिरवला. पिशवीला दाढीच्या खुंटासारखे काळे लालसर कण उभे राहिले. अंगणातल्या साध्या मातीवर फिरवला तेव्हा थोडेच चिकटले, इथे पिशवीच दिसेना. माती पण नीट बघितल्यावर लाल नव्हती, वीटकरी होती, मध्ये कोळशाचे बारके तुकडे.

मी ते ताट घेऊन पडवीत गेलो आणि मामाला विचारलं इथे काय होतं रे. मामा म्हणाला काही नाही, मोकळीच जागा ती. मामी आतून म्हणाली, "मोकळी कसली, सासूबाईंची पाणचूल होती तिथे, मी लग्न होऊन आले तेव्हा रोज नारळाची सोडणं आणि झावळ्या घालून मीच पेटवायची, गॅस गिझर आल्यावर मोडली." आणि मग पदर.

म्हणजे चाळीस पन्नास वर्षं आंघोळीच्या पाण्यासाठी रोज पहाटे एकाच जागी जाळ. खालची लोखंडाची माती भाजून भाजून चुंबक झालेली, आणि मी तिथे गुप्तधन शोधत मांडीभर उतरलेलो. खोल जावं तसा आवाज वाढत होता कारण वरचा थर नंतर टाकलेल्या भरीचा होता.

त्यामुळे आता माझी पद्धत बदललीय. मशीन पेटीतून काढायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईशेजारी बसायचं आणि विचारायचं की चूल कुठे होती, पाणचूल कुठे होती, भात उकडायची भट्टी कुठे लागायची, होळी कुठे लावायचे, तरव्याची भाजावळ (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणं) कुठे करायचे, पाला कुठे जाळायचे. या सगळ्या जागांवर मशीन ओरडणार. घरातल्या पुरुषमंडळींना विचारून उपयोग नाही, त्यांना फक्त हद्द कुठे आहे ते पाठ असतं. याच गप्पांत लोक कुठे बसायचे, भाजीवाली टोपली कुठे उतरवायची, विहिरीवर पाळी कुठे लागायची तेपण कळतं, आणि नाणी तिथेच असतात.

चुलीची जागा सोडायचीच असं नाही. मी त्या खड्ड्याच्या आतच उभं राहून, त्या वीटकरी मातीवरच, नव्याने ग्राउंड बॅलन्स केला. मशीनवरचा बॅलन्सचा आकडा अंगणापेक्षा बराच वर गेला, सेन्सिटिव्हिटी अजून दोन घरं उतरवली, आणि मशीन जे तीन वर्षं ओरडत होतं ते गप्प झालं, चक्क गप्प. कडेने हळूहळू फिरवत गेलो, आणि चुलीच्या तोंडाकडे, जिथे बसून लाकडं सारतात तिथे, टक्क. काटकोनात वळलो, टक्क. सहा बोटांवर भोकाचा पैसा निघाला, 1944 चा, हिरवा पडलेला, कडा खाल्लेल्या पण साल वाचता येतंय. हे भोकाचे पैसे 1943 ते 1947 चे, युद्धात धातूची टंचाई होती म्हणून मधे भोक. मामा म्हणे आजोबा हे वॉशर म्हणून पण वापरायचे. माझा अंदाज, कोणाच्या तरी कनवटीतून चूल फुंकताना पडला असणार.

मिळालेलं नाणं तिथल्या तिथे अंगठ्याने घासू नका. आपली जमीन आम्लधर्मी, पाऊस प्रचंड, तांबं कांस्य आधीच पोखरलेलं असतं, घासलं की अक्षरं जातात. चिंच, लिंबू, राखुंडी काही नको. डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन चार दिवस ठेवा, पाणी बदलत राहा, मऊ ब्रशने माती सोडवा, बास. चांदीचा जुना रुपया मिळाला तर वजन करा, 11.66 ग्रॅम म्हणजे एक तोळा भरायला हवा.

कायद्याचं पण थोडक्यात, कारण लोक इथेच अडकतात. जमिनीत दडवलेलं 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर 1878 च्या निखात निधी कायद्याने कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. लपवलं तर शिक्षा आहे. शंभर वर्षांवरचं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तूत येतं, ते परदेशात पाठवता येत नाही. आणि जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग असल्या संरक्षित किल्ल्यांवर मशीन न्यायचंच नाही, हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे अजून 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असतं, घर त्या पट्ट्यात असेल तर स्वतःच्या अंगणात पण आधी विचारून घ्या. दुसऱ्याच्या अंगणात मालकाला विचारल्याशिवाय पाऊल नको, आणि मालक चार भाऊ असतील तर चौघांना. तुळशीसमोर आणि उंबऱ्याखाली मी खणत नाही, तिथे कोणीतरी मुद्दाम ठेवलेलं असतं.

वेळ म्हणाल तर दसरा ते दिवाळी. माती मऊ, सुरीने चौकोन कापून झाकणासारखा उचलता येतो, काम झालं की परत बसवायचा आणि पायाने दाबायचा. एप्रिलमध्ये तीच माती चिऱ्यासारखी होते, पहार परत फेकते.

मामाच्या परसातला तो मांडीभर खड्डा मात्र बुजवला नाही. न्हाणीचं पाणी तसंही तिकडेच उतरतं, मामीने त्यात अळू लावलंय. गेल्या वेळी त्याचंच फदफदं खाऊन आलो.